कोपऱ्यावरच्या बेकरीची चव-वही : प्रकल्प नोंदी

१ नोव्हेंबर

काम ठरलं. कोपऱ्यावरच्या बेकरीत फ्रेंच पद्धतीचे पदार्थ होतात, आणि ते मनापासून केलेले असतात. पण गिऱ्हाईक काचेसमोर उभं राहतं, देखणं दिसेल ते बांधून घेतं, दिवसभर पिशवीत ठेवतं आणि रात्री जेवण झाल्यावर खातं. तोवर क्रोसाँ, म्हणजे लोण्याच्या पदरांचा पाव, सादळलेला असतो, आणि आत क्रेम भरलेल्या लांबट एक्लेअरचं कवच ओलं झालेलं असतं. बेकरीवाल्या ताईंना हे फार लागतं. पहाटेपासून भट्टीपुढे उभं राहून केलेली वस्तू तिच्या वेळेला कोणी खाल्लीच नाही, तर एवढी घाई कशासाठी करायची, असं त्या म्हणाल्या.

म्हणून काउंटरवर एक वही ठेवायची. प्रत्येक पदार्थाला एक पान. तो कधी खावा, कसा कापावा, कापल्यावर काय बघावं, घरी न्यायचाच असेल तर कसा ठेवावा. चाखणं आणि लिहिणं माझ्याकडे, तपासणं ताईंकडे.

पदार्थांचा क्रम नावानुसार किंवा किमतीनुसार लावायचा नाही, आयुष्यानुसार लावायचा. सगळ्यात कमी टिकणारा पहिल्या पानावर. बेकरी चालत जाण्याच्या अंतरावर असण्याचा खरा फायदा हाच, की पदार्थ ऐन भरात असताना आपण तिथे पोचू शकतो. कारागीर कितीही मोठा असला, तरी त्याचा क्रोसाँ दूरच्या गावाहून डब्यात घालून आणला की तो मूळचा राहत नाही.

३ नोव्हेंबर

चाखायची पद्धत पक्की केली. दातेरी सुरी, पांढरी बशी, सोबत साधं पाणी. कॉफी शेवटी, कारण तिचा कडवटपणा लोण्याचा वास झाकून टाकतो. आधी नाक, मग कान, मग डोळे आणि सगळ्यात शेवटी जीभ. कानाचं ताईंनी सुचवलं. पदर नीट भाजले गेलेत की नाही, हे मोडतानाच्या आवाजावरून कळतं, असं त्यांचं म्हणणं.

५ नोव्हेंबर

क्रोसाँ. भट्टीतून निघून साधारण पाऊण तास झाला होता. ताईंनी लगेच खाऊ दिला नाही, तो वेळ त्यांनी मुद्दाम काढायला लावला. अगदी गरम असताना आतला गर ओलसर, चिकट लागतो आणि लोणी पातळ असल्यामुळे चव नुसती तेलकट येते. कोमट झाला की गर बसतो, लोणी किंचित आळतं आणि वास मोकळा होतो.

वरून बघितलं तर रंग एकसारखा नव्हता. कड्यांच्या टोकांना गडद तपकिरी, मधल्या फुगवट्यावर तांबूस सोनेरी आणि जिथे एक कडं दुसऱ्याखाली शिरतं त्या खाचेत फिकट पिवळा. हा फरक असायलाच हवा. सगळीकडून फिकट असलेला क्रोसाँ कमी भाजलेला असतो. त्याचा गर पिठूळ लागतो आणि खमंगपणा येत नाही, कारण खमंगपणा त्या तपकिरी भागातच असतो.

सुरी मधोमध आडवी फिरवली. वरचे पापुद्रे कुरकुरत फुटले, बशीत चुरा पडला, पण खालचा भाग दबला नाही, सुरी उचलताच पुन्हा वर आला. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी. मध्यापासून बाहेरच्या बाजूला गोल फिरत गेलेली, भोकं लांबट, भिंती इतक्या पातळ की उजेडाकडे धरल्यावर त्यातून प्रकाश येत होता. भिंती जाड असत्या आणि मध्ये कणकेचा गोळा राहिला असता, तर लाटताना लोणी कणकेत मुरलं असा अर्थ झाला असता. खाली तळाशी लोण्याचं तळं नव्हतं. तळ तुपकट निघाला, तर फुगायला ठेवलेल्या जागी ऊब जास्त होती असं समजायचं.

हे सगळं घडतं कसं, ते वहीत चार ओळींत तरी हवंच. यीस्ट घालून मळलेल्या थंड कणकेत थंड लोण्याची लादी गुंडाळायची, लाटायचं, तीन पदरी घडी घालायची, थंडाव्यात विसावू द्यायचं, परत लाटायचं. ताई तीन घड्या घालतात. तीनदा तीन पदर, म्हणजे लोण्याचे २७ थर. भट्टीत गेल्यावर कणकेतल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते. लोण्यात १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं, आणि पाण्याची वाफ झाली की ते मूळच्या दीडहजारपटीहून जास्त जागा मागतं. ती वाफ दोन थरांमध्ये अडकते आणि थर एकमेकांपासून उचलले जातात. यीस्टचा वायू आधीच बारीक पोकळ्या करून बसलेला असतो. पदर वाफेचे, जाळी दोघांची.

चवीबद्दल पहिली नोंद: आधी मीठ, मग लोण्याचा किंचित आंबूस वास, गोडवा सगळ्यात मागून आणि थोडाच. कणीक रात्रभर थंडाव्यात राहिल्याचा हा गुण आहे.

८ नोव्हेंबर

एकाच घाणातले क्रोसाँ सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी खाऊन बघितले. दुपारपर्यंत पापुद्रे टिकून होते, फक्त आवाज थोडा बसला होता. संध्याकाळी वरचं आवरण चामट झालं. मोडायच्या ऐवजी ताणलं गेलं. गरातला ओलावा बाहेरच्या कोरड्या आवरणात सरकत राहतो, म्हणून कडा सादळते आणि गर मात्र कोरडा पडतो. एकाच वेळी दोन्ही बिघडतं.

त्यात घरोघरी होते ती गोष्ट म्हणजे तो फ्रीजमध्ये ठेवणं. याहून वाईट काही नाही. भाजताना मऊ झालेला पिठातला स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट होऊ लागतो, आणि फ्रीजच्या तापमानाला ही क्रिया बाहेरच्यापेक्षा वेगाने होते. ठेवायचाच तर त्याच दिवशी घट्ट बांधून फ्रीझरमध्ये टाकावा आणि खाताना थेट गरम ओव्हनमध्ये घालावा. सकाळचा क्रोसाँ संध्याकाळी खायचा असेल, तर १६० अंशांवर चार-पाच मिनिटं पुरतात. स्टार्च परत मऊ होतो, वरचा ओलावा उडतो. मायक्रोवेव्हमध्ये वाफ आतल्या आत कोंडते, पदर लिबलिबीत होतात आणि गार झाल्यावर वातड. वहीत हे वाक्य ठळक अक्षरात.

९ नोव्हेंबर

लोण्याची नोंद. साध्या आणि घडीच्या लोण्यात फरक काय, हे ताईंनी हातात देऊन दाखवलं. युरोपात लोण्यात निदान ८० टक्के स्निग्धांश लागतो. घडीसाठी खास लाद्या मिळतात, त्यात तो ८४ टक्क्यांच्या आसपास असतो. पाणी कमी, म्हणून ते वाकवलं तर तुटत नाही, दुमडलं जातं. लोणी फार कडक असेल तर लाटताना त्याचे तुकडे पडतात आणि थरात खंड पडतो. फार मऊ असेल तर कणकेत जिरतं. कणीक आणि लोणी यांचा कडकपणा जुळला पाहिजे, यातच सारं कसब आहे.

फ्रान्समधलं बरंचसं लोणी आंबवलेल्या सायीचं असतं, म्हणून त्याला तो आंबूस, दाण्यासारखा वास. शारांत-प्वातू, इझिनी आणि ब्रेस या तीन प्रदेशांच्या लोण्याला तर नावाचं कायदेशीर संरक्षण आहे. चाखायला आलेल्याला हे माहीत असेल, तर तो क्रोसाँ नाकाशी धरेल. एवढं झालं तरी पानाचं काम झालं.

फ्रान्समधल्या पुष्कळ दुकानांत एक खूण चालते: शुद्ध लोण्याचा क्रोसाँ सरळ, मार्गारिनचा चंद्रकोरीसारखा वळवलेला. पण हा नियम नाही, रिवाज आहे. आकारावर विसंबू नये, वास घ्यावा.

१३ नोव्हेंबर

इतिहास घ्यावा की नाही, यावर आमचं बोलणं झालं. ताईंना नको होता, मला थोडासा हवा होता. अखेर एक परिच्छेद ठेवायचं ठरलं, पण खरा.

१६८३ साली व्हिएन्नाला तुर्की सैन्याचा वेढा पडला, बेकरीवाल्यांनी पहाटे भुयार खणल्याचा आवाज ऐकून शहर वाचवलं आणि विजयाची खूण म्हणून चंद्रकोरीचा पाव केला, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. त्या काळातला पुरावा तिला नाही, आणि चंद्रकोरीच्या आकाराचे पाव व्हिएन्नात त्याच्याही आधीपासून होते. ती गाळली. ठेवलं ते एवढंच: १८३०च्या दशकाच्या अखेरीस ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने पॅरिसमध्ये रिशेलिए रस्त्यावर व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली. तिथला चंद्रकोरी पाव पॅरिसकरांना आवडला, इतर बेकऱ्यांनी तो उचलला, आणि या सगळ्या गोडसर पावांच्या प्रकाराला आजही व्हिएन्नावरूनच नाव आहे. लोण्याचे पदर घातलेला, आज आपण खातो तो क्रोसाँ मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आणि पूर्णपणे फ्रेंच. व्हिएन्नाचा आकार आणि फ्रान्सची घडी.

१७ नोव्हेंबर

पॅन ओ शोकोला. कणीक तीच, आत चॉकलेटच्या दोन कांड्या. इथे वेळ थोडी लवचीक आहे. कोमट असताना चॉकलेट वितळलेलं असतं आणि गरात मिसळतं. गार झाल्यावर कांडी पुन्हा घट्ट होते, दाताखाली मोडते आणि पदरांपेक्षा वेगळी जाणवते. मला दुसरं जास्त आवडलं. ताईंनाही. गिऱ्हाइकांना पहिलं आवडतं असं दिसतंय, तेव्हा पानावर दोन्ही लिहिलं.

२१ नोव्हेंबर

एक्लेअर आणि पॅरिस-ब्रेस्त. दोन्ही शू कणकेचे. ही कणीक दोनदा शिजते: पाणी, लोणी आणि मीठ उकळलं की त्यात मैदा एकदम टाकून विस्तवावर घोटायचा, भांड्याच्या तळाला पातळ पापुद्रा धरेपर्यंत. मग विस्तवावरून उतरवून थोडं निवल्यावर अंडी एकेक करून फेटायची. सोडा नाही, यीस्ट नाही. भट्टीत वाफ होते, कणीक फुगते आणि आत पोकळी राहते. कवच घट्ट व्हायच्या आत भट्टीचं दार उघडलं, तर ते खाली बसतं. ताई त्या वेळात दाराजवळ कोणाला फिरकू देत नाहीत.

एक्लेअर उलटा करून बघायचा. तळाला भरण भरल्याची भोकं दिसतात. मग आडवा कापायचा. क्रेम दोन्ही टोकांपर्यंत पोचलेलं हवं, टोकाशी पोकळ घास लागता कामा नये. क्रेम पातिसिएर म्हणजे दूध, अंड्यातलं पिवळं, साखर आणि स्टार्च. नीट शिजलेलं असेल तर ते चकचकीत आणि एकजीव असतं, जिभेवर पीठ लागत नाही. ओलं क्रेम आणि कोरडं कवच शेजारी ठेवलं की कवच ओलावा पिणारच, त्याला इलाज नाही. भरल्यापासून तीन-चार तास उत्तम, त्या दिवसापुरता चांगला, दुसऱ्या दिवशी नुसता गोड.

पॅरिस-ब्रेस्त चाकाच्या आकाराचा, कारण तो सायकल शर्यतीसाठी केला गेला. पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परत यायची ही सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत १८९१ साली सुरू झाली. तिच्या वाटेवरच्या मेझाँ-लाफितमधल्या लुई द्युराँ या मिठाईवाल्याने १९१० मध्ये हे चाक घडवलं. वर बदामाचे काप, आत हेझलनट-बदामाच्या प्रालिनेचं, म्हणजे साखरेत भाजून वाटलेल्या दाण्यांचं, आणि लोण्याचं जड क्रेम. यात लोणी असल्यामुळे तो फ्रीजमधून काढल्याकाढल्या खाल्ला, तर क्रेम मेणचट लागतं आणि हेझलनटचा वास येतच नाही. वीस मिनिटं बाहेर ठेवून खाल्ला. तोच पदार्थ आहे यावर विश्वास बसू नये इतका फरक. क्रेम सैल झालं, आधी भाजलेल्या हेझलनटचा कडवटपणा आला, मग जळत्या साखरेचा, आणि गिळून झाल्यावरही प्रालिने बराच वेळ तोंडात रेंगाळलं. आत्तापर्यंत चाखलेल्यांत मला सगळ्यात प्रिय हाच.

२५ नोव्हेंबर

मिलफॉय, म्हणजे पदरी कणकेच्या तीन कुरकुरीत पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये क्रेमचे दोन थर. वहीतलं पहिलं पान याचं असणार, हे आज पक्कं झालं.

यातल्या कणकेत यीस्ट नाही. मैदा, पाणी, मीठ आणि लोणी, तीन पदरी घडी सहा वेळा. तीनाचा सहावा घात, म्हणजे लोण्याचे ७२९ थर. सगळी उंची वाफेची. आणि एवढी मेहनत करून उमलवलेले हे पदर भट्टीत वरून दुसरा ट्रे ठेवून दाबतात, कारण मिलफॉयला फुललेली नाही, सपाट आणि घट्ट कुरकुरीत पट्टी लागते. शेवटी वरून पिठीसाखर भुरभुरवून कडक आचेवर ती वितळवतात. साखरेची काचेसारखी पातळ लकाकी पट्टीवर बसते. ती शोभेसाठी नाही. साखरेचा तो थर क्रेमच्या ओलाव्याला थोडा वेळ अडवतो.

थोडा वेळच. ताईंनी एक मिलफॉय सकाळी रचून ठेवला होता आणि दुसरा माझ्यासमोर रचला. ताज्याला काट्याची कड लावली तेव्हा पट्टी कडकन तुटली, तुकडे उडाले, आणि तोंडात आधी खरपूस साखर, मग लोणी, मग गार व्हॅनिला क्रेम असं एकामागून एक आलं. सकाळचा सुरीने शांतपणे कापला गेला. दिसायला तो जास्त नीटनेटका होता. पण तोंडात सगळं एकत्रच आलं, मऊ, एकाच चवीचं. पदार्थ बिघडला नव्हता. त्याची गंमत तेवढी गेली होती. रचल्यावर दोन तास, फार तर तीन.

आता खायचं कसं. वरून दाबलं की क्रेम चारी बाजूंनी बाहेर येतं आणि पट्ट्या तशाच राहतात. मिलफॉय हलकेच कुशीवर आडवा करायचा आणि पट्ट्या उभ्या असताना दातेरी सुरीने पुढेमागे करत कापायचा. प्रत्येक घासात तिन्ही पट्ट्या आणि दोन्ही क्रेमचे थर येतात. हे चित्रासकट पानावर.

ताईंना मी एक विनंती केली. मिलफॉय काचेत रचून ठेवू नये. पट्ट्या आणि क्रेम वेगवेगळं तयार ठेवावं आणि गिऱ्हाइकाने मागितल्यावर रचावं. काचेतली एक देखणी वस्तू कमी होईल हे खरं. त्या म्हणाल्या, “दुपारी चार ते सहा करून बघते. त्या वेळेला हात मोकळा असतो माझा.”

२९ नोव्हेंबर

कालचे क्रोसाँ. बदामी क्रोसाँ त्यांचाच होतो, आणि तो शिळ्याचाच चांगला होतो. ताजा क्रोसाँ पाकात बुडवला तर लगदा होतो, कोरडा पडलेला पाक पितो आणि आकार सोडत नाही. मधून चिरून साखरेच्या पाकात भिजवायचा, आत आणि वर बदाम, लोणी, साखर, अंडं यांचं मिश्रण, वर बदामाचे काप, परत भट्टीत. कडा दुसऱ्यांदा भाजून टॉफीसारख्या चिकट-कडक होतात, मध्य ओलसर राहतो. ताईंनी मला तळाची कड पहिल्यांदा खायला सांगितलं. पाक आणि बदामाचं मिश्रण तिथे उतरून करपायच्या एक पायरी अलीकडे थांबलेलं असतं.

आयुष्याच्या क्रमात हा कुठे बसवायचा? एक पदार्थ संपतो तिथे दुसरा सुरू होतो. क्रोसाँच्याच पानाच्या मागे लिहिला.

४ डिसेंबर

थांबल्याने सुधारणारे पदार्थ. मला स्वतःला वहीत यांचं फार महत्त्व वाटतं, कारण ‘ताजं ते चांगलं’ एवढंच सांगितलं तर ते खोटं ठरेल.

मॅकरॉन: बदामाची पूड, अंड्यातलं पांढरं आणि साखर यांची दोन कवचं, मध्ये गनाश (चॉकलेट आणि सायीचं मिश्रण) किंवा क्रेम. भरल्याभरल्या खाल्लं तर कवच ठिसूळ आणि कोरडं, भरण वेगळं. फ्रीजमध्ये एक दिवस राहिलं की भरणातला ओलावा आतल्या बाजूने कवचात मुरतो. वरची पातळ साल तडकते आणि खाली लगेच मऊ, किंचित चिवट गर लागतो. एक्लेअरमध्ये ओलाव्याचं जे सरकणं वैरी होतं, तेच इथे पदार्थ पूर्ण करतं. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढावं.

फिनान्सिए: सोन्याच्या विटेच्या आकाराचा छोटा केक. लोणी तपकिरी होईपर्यंत कढवतात, त्यातले दुधाचे कण भाजले जातात आणि हेझलनटचा वास सुटतो. त्यात बदामाची पूड आणि अंड्यातलं पांढरं. पहिल्या दिवशी काठ कुरकुरीत, मध्य मऊ. दुसऱ्या दिवशी काठ नरम, पण बदाम आणि लोण्याची चव जास्त खोल. दोन्ही दिवस चांगले, वेगवेगळ्या कारणांनी.

त्याच ट्रेमध्ये शेजारी मादलेन असतं. लोरेन प्रांतातल्या कॉमर्सी गावाचं, शिंपल्याच्या आकाराचं, पाठीवर फुगवटा. गार मिश्रण तापलेल्या भट्टीत गेलं की कडा आधी शिजतात आणि मधला भाग उशिरा वर उसळतो, म्हणून तो फुगवटा. आकाराने फिनान्सिएएवढंच, पण बदाम नसल्यामुळे आणि कडा पातळ असल्यामुळे लवकर सुकतं. भट्टीतून आल्यावर काही तासांतच खावं. दोघं शेजारी असल्यामुळे गिऱ्हाईक दोन्ही सारखंच वागवतं. पानावर हे आमनेसामने छापायचं.

८ डिसेंबर

कॅनले. फ्रान्समधल्या बोर्डो शहराचा. खाचा असलेल्या तांब्याच्या साच्यात, साच्याला आतून मधमाशीचं मेण आणि लोणी लावून भाजतात. मिश्रण दूध, साखर, अंडी, मैदा, व्हॅनिला आणि रम यांचं, निदान एक दिवस थंड ठेवलेलं. भट्टीत तासभर, सुरुवातीला कडक आच. बाहेरून जवळजवळ काळा दिसतो, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला तो जळलाय असं वाटतं. तसं वाटून एक गिऱ्हाईक फिकटातला निवडत होतं. ताईंनी गडदच हातात ठेवला.

कवच कडक, साखरेचं, मेणाचा पुसटसा वास. आत ओलसर पिवळा गर, क्रेम आणि केक यांच्या मधला. कवच पाच-सहा तास टिकतं, मग मऊ पडतं. ओव्हनमध्ये थोडा वेळ ठेवून पूर्ण गार केला की परत कडक होतो. गरम असताना कवच मऊच लागतं, साखर गार होताना घट्ट होते.

१५ डिसेंबर

कुईन्यामान, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या द्वार्नने गावचा. पावाची कणीक, खारं लोणी, साखर, घड्या. तळाशी साखर आणि लोणी मिळून तांबूस काच. फार जड आहे, चौघांत एक पुरे. मीठ नीट पडलं नसेल तर खाऊच नये. ताईंच्या हातचा आजचा नीट होता.

१९ डिसेंबर

कच्चं बाड ताईंनी वाचलं. एक वाद झाला. फ्रान्समध्ये १९९८च्या कायद्याने, पाव जिथे विकतात तिथेच मळून, घडवून, भाजणाऱ्यालाच स्वतःच्या दुकानाला बेकरी (‘बुलांजरी’) हे नाव लावता येतं. मला हे वहीत हवं होतं. ताई म्हणाल्या, “तो पावाचा नियम आहे. क्रोसाँ कारखान्यातून गोठवलेला आणून नुसता भाजला, तरी तिथे चालतं. अर्धवट लिहिलंत तर लोकांचा गैरसमज होईल.” त्यांचं बरोबर होतं. तो भाग काढला आणि त्याऐवजी हाताने केलेला कसा ओळखावा ते लिहिलं: एका ट्रेमधले क्रोसाँ एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, वळसे थोडे मागेपुढे असतात, कधी लाटताना राहिलेल्या पिठाची पुसट रेघ दिसते.

दुपारी चारला रोज येणाऱ्या एका आजोबांना मिलफॉयचं पान वाचायला दिलं. त्यांनी चष्मा वर करून चित्र बघितलं, बशीतला मिलफॉय आडवा केला, कापला, पहिला घास खाल्ला आणि सुरी खाली ठेवून म्हणाले, “ताई, हा रोजचाच आहे की आज काही वेगळं घातलंत?” काही वेगळं घातलं नव्हतं. नुकताच रचला होता, एवढंच. ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चार ते सहाची वेळ त्यांनी तिथल्या तिथे कायम केली.

६ जानेवारी

गालेत दे रवा. एपिफनी या ६ जानेवारीच्या ख्रिस्ती सणाचा, म्हणून फ्रान्समध्ये जानेवारीभर मिळतो. मिलफॉयचीच पदरी कणीक, पण इथे दाबत नाहीत, पूर्ण फुलू देतात. दोन गोल चकत्यांमध्ये फ्रांजिपान, म्हणजे बदामाचं क्रेम आणि थोडं क्रेम पातिसिएर. वर सुरीच्या टोकाने मध्यापासून बाहेर वळत जाणाऱ्या रेघा आणि मध्ये वाफेसाठी बारीक छिद्र. आत एक छोटी चिनीमातीची बाहुली लपवलेली. पूर्वी तिथे वालाचा दाणा असे. घरातल्या सगळ्यात लहान मुलाने टेबलाखाली बसून कुठला तुकडा कोणाला ते सांगायचं, आणि ज्याला बाहुली मिळेल तो त्या दिवसाचा राजा.

कोमट खावा. पूर्ण गार झाला की पदरातलं लोणी टाळूला चिकटतं. दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये दहा मिनिटं तापवला तरी छान लागतो, कारण फ्रांजिपान एक्लेअरच्या क्रेमइतकं पातळ नसतं. काठाकडून बघितलं तर फुललेले पदर मोजू म्हटलं तरी मोजता येत नव्हते. रेघांच्या खाचांत कणीक फिकट, उंचवट्यांवर गडद.

पान जानेवारीपुरतं, सुटं ठेवलं. महिना संपला की वहीतून काढून ठेवायचं.

१० जानेवारी

वही काउंटरवर गेली. पहिलं पान मिलफॉय, मग मादलेन, क्रोसाँ, एक्लेअर, कॅनले, पॅन ओ शोकोला, पॅरिस-ब्रेस्त, कुईन्यामान, फिनान्सिए आणि शेवटी मॅकरॉन. भट्टीच्या वेळांचा कागद ताईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून आतल्या बाजूला चिकटवला: क्रोसाँ सकाळी सात, मादलेन साडेतीन, मिलफॉय मागाल तेव्हा चार ते सहा.

राहिलेली कामं. फळांचे टार्ट अजून घेतलेले नाहीत, ते फळांच्या हंगामातच चाखायचे. तार्त तातँ (सफरचंदाचा उलटा भाजलेला टार्ट) घ्यायचा आहे, सफरचंद किती शिजवावं यावर ताई अजून समाधानी नाहीत. उन्हाळ्यात क्रोसाँ पुन्हा तपासायचा: लोणी तिशीच्या पुढच्या तापमानाला वितळायला लागतं, फुगवण्याच्या खोलीची ऊब २७ अंशांच्या आत ठेवावी लागते, आणि हवेत दमटपणा असेल तेव्हा पापुद्रे दुपारपर्यंत तरी टिकतात का, ते वेगळं लिहावं लागेल. त्या पानासाठी जागा सोडली आहे.